दान सातचं पडलं की काय करायचं?

भोसरी एमआयडीसीतली बरीच वर्कशॉपं गुरुवारी बंद असतात, म्हणून आमचा खेळही गुरुवारीच असतो. टेबलावर दोन फासे, चार कागद, पेन्सिली आणि चहाचा थर्मास. खेळणारे चौघं, आणि खेळ चालवणारा मी. गोष्टीत नेमकी अडचण कशी आणायची, हे मला या टेबलावर हळूहळू कळत गेलं. ज्यांना असा खेळ स्वतः चालवून बघायचा आहे, त्यांच्यासाठी ते नीट क्रमाने मांडतो.

आधी खेळ काय ते सांगतो. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो. बाकीचं सगळं जग, म्हणजे रस्ते, माणसं, हवा, शत्रू, हे गेम मास्टर सांभाळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि हा प्रकार रूढ झाला. कोकणातला दशावतार पाहिलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. तिथेही संवाद लिहिलेले नसतात, समोरचा काय बोलला त्यावरून आपलं बोलणं उभं राहतं. फरक एवढाच, की दशावतारात कथा ठाऊक असते. इथे शेवट कुणालाच माहीत नसतो, गेम मास्टरलाही नाही.

अडचण येते कुठून?

पहिली जागा म्हणजे फासे. व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० च्या खेळातली पद्धत शिकायला सर्वांत सोपी आहे. दोन साधे फासे टाकायचे. दहा किंवा जास्त पडले तर काम फत्ते. सात ते नऊ पडले तर काम होतं, पण काहीतरी मागे लागतं. सहा किंवा कमी पडले, तर सूत्रं गेम मास्टरच्या हाती.

आता हिशेब करा. दोन फाशांची एकूण ३६ दानं. त्यातली दहा किंवा जास्तची ६, सात ते नऊची १५, आणि सहा किंवा कमीची १५. पात्र त्या कामात तरबेज असेल तर दानात एक मिळवतात. मग हेच आकडे १०, १६ आणि १० होतात. म्हणजे तरबेज माणसाच्या वाट्यालाही सर्वांत जास्त वेळा येतं ते ‘झालं, पण...’. गेम मास्टरची खरी परीक्षा या ‘पण’च्या पुढे असते.

एक प्रसंग

आमची गोष्ट भोसरीचीच होती. जे ब्लॉकमध्ये तयार झालेलं एक फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब जागेवर धरून ठेवणारं साधन, रात्रपाळी सुरू व्हायच्या आत चाकणला पोचवायचं, नाहीतर तिथली लाइन थांबणार. पात्रं चार: छोटा हत्ती चालवणारा, मशीनवरचा सेटर, क्वालिटीतल्या ताई आणि मदतीला आलेला जुना पैलवान.

मोशीच्या पुढे रस्ता तुंबला. चालकाने आडवाट धरली आणि फासे टाकले. चार आणि तीन, सात.

मी म्हणालो, “वाट सापडली. जॅम मागे राहिला. पण कच्च्या रस्त्यावर एक खड्डा चुकला नाही. मागे धाडकन आवाज झाला. थांबणार की निघणार?”

“थांबव,” ताई म्हणाल्या. “लोकेटिंग पिन हलली असेल तर तिकडे पहिलाच जॉब रिजेक्ट होईल.”

“दहा मिनिटं गेली तर गेट बंद,” चालक म्हणाला.

पुढची काही मिनिटं माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. चौघं आपसात वाद घालत होते. अखेर त्यांनी गाडी थांबवली. दोरी सैल झाली होती, पिन जागेवर होती.

या अडचणीत तीन गोष्टी जमल्या होत्या. एक, चालकाने मिळवलेली वाट मी काढून घेतली नाही. दोन, समोर दोन रस्ते ठेवले आणि दोन्हींना किंमत होती. तीन, तो आवाज अचानक आला नव्हता. माल चढवतानाच मी सांगितलं होतं, की दुसरी दोरी झिजलेली आहे. आधी इशारा द्यायचा, घाव नंतर घालायचा. इशारा ऐकूनही खेळाडूंनी दुर्लक्ष केलं, तर नंतरचा फटका त्यांना अन्याय वाटत नाही.

वेळ आणि स्वभाव

प्रत्येक वेळी नवं संकट शोधायची गरज नसते. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये त्यासाठी घड्याळ वापरतात. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि संकट जवळ येईल तसा एकेक भाग भरायचा. आम्ही सहा भागांचं वर्तुळ काढून वर लिहिलं होतं, ‘लाइन थांबली’. गाडी थांबवून दोरी पाहिली तेव्हा त्यातला एक भाग पेन्सिलीने भरला. हा कागद लपवू नये. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असला की गेम मास्टरला वेगळं घाबरवावं लागत नाही.

अडचण येण्याची दुसरी जागा म्हणजे पात्राचा स्वभाव. ‘फेट’ या खेळात गेम मास्टर खेळाडूला एक टोकन देऊ करतो आणि म्हणतो, तुझ्या स्वभावामुळे इथे अडचण होऊ दे. खेळाडू टोकन घेऊन हो म्हणतो, किंवा स्वतःकडचं एक देऊन नकार देतो. आमच्या पैलवानाच्या कागदावर लिहिलं होतं, ‘बैलगाडा दिसला की पाय निघत नाही’. वाटेत बैलगाडा शर्यतीचा घाट लागला आणि बारी सुटायच्या बेतात होती. मी टोकन पुढे सरकवलं. त्याने ते हसत उचललं. घड्याळाचा आणखी एक भाग भरला, पण तो त्याने स्वतःहून भरला होता.

जपायच्या गोष्टी

माझ्या हातून एक चूक झाली होती. सुरुवातीच्या एका खेळात गेटवरच्या पहारेकऱ्याला पटवताना एका खेळाडूचं अकराचं दान पडलं. मला वाटलं, गोष्ट फारच सोपी होतेय. म्हणून पुढच्याच वाक्यात मी साहेबाला बोलावून गेट पास रद्द करवला. खेळाडूने फासे खाली ठेवले आणि विचारलं, “मग दान टाकायचंच कशाला?” त्याचं बरोबर होतं. पूर्ण यश मिळालं की ते पूर्ण द्यायचं. अडचणीची पाळी पुढच्या दानावर येतेच.

दुसरं, कुठली अडचण नको, हे खेळाआधी विचारून घ्या. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, की प्रेसखाली हात जाण्याचा प्रसंग गोष्टीत नको. कारखान्यांच्या या पट्ट्यात ती कुणाच्या तरी घरची खरी गोष्ट असते. तो विषय आम्ही कायमचा बाजूला ठेवला आणि त्याने खेळाचं काही बिघडलं नाही.

तिसरं, एका प्रसंगाला एकच अडचण. जॅम, पंक्चर, पाऊस आणि चलानावरचा चुकलेला गाडी नंबर एकदम आले, तर खेळाडू निवड करायचं सोडून नुसते सोसत बसतात. मी आधी कागदावर चार शब्द लिहून ठेवतो: माणूस, वस्तू, वेळ, जागा. प्रत्येकापुढे एकेक शक्यता लिहितो आणि दान पडलं की त्यातली एकच उचलतो. उरलेल्या पुढच्या गुरुवारी उपयोगी पडतात.

त्या दिवशी फिक्श्चर चाकणच्या गेटमधून आत गेलं, तेव्हा सहापैकी पाच भाग भरलेले होते.

तुम्हीही सुट्टीच्या दिवशी चार जण जमवा, दोन फासे घ्या आणि आपल्याच गल्लीतली गोष्ट मांडा. पहिलं सात पडलं की घाई करू नका. खेळाडूने जे मिळवलंय ते आधी त्याच्या हातात द्या, आणि मग ‘पण’ म्हणा.