बोटातल्या यंत्राच्या पोटात

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आरोग्य पथके राज्यभर घरोघर जाऊन ताप व ऑक्सिजन मोजू लागली. परभणी जिल्ह्यात सेलू-जिंतूरपासून गंगाखेड-पालमपर्यंत कितीतरी जणांच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर तेव्हा पहिल्यांदा लागला. त्यानंतर मनगटावर घड्याळ, बोटात अंगठी, दंडावर साखर मोजणारा सेन्सर अशी अंगावरची यंत्रे वाढत गेली. त्यांच्या आकड्यावर घरातला माणूस दवाखान्यात न्यायचा की नाही हे ठरते. म्हणूनच त्यांच्या आत खरोखर काय बसवले आहे, हे विकणाऱ्याखेरीज आणखी कुणीतरी पाहिले पाहिजे. यंत्र न फोडता ते पाहण्याचा सर्वांत सरळ मार्ग क्ष-किरणांचा आहे.

ऑक्सिमीटरचेच उदाहरण घेऊ. त्याच्या एका जबड्यात दोन बारीक दिवे असतात, साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. समोरच्या जबड्यात प्रकाश टिपणारा सेन्सर. ऑक्सिजन कमी असलेले रक्त लाल प्रकाश जास्त शोषते, भरपूर असलेले अवरक्त. नाडीच्या ठोक्यासरशी या दोन शोषणांत होणाऱ्या बदलांचे गुणोत्तर काढण्याची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. दुसरा दिवाच नसेल, तर या पद्धतीने ऑक्सिजन मोजणे शक्यच नाही. पडद्यावर आकडा मात्र उमटवता येतो. क्ष-किरणांत तांबे, कथलाचे डाग, केसाहून बारीक सोन्याच्या तारा उठून दिसतात, प्लास्टिक जवळपास विरून जाते. चांगल्या प्रतिमेत दिव्यांचे तुकडे मोजता येतात, सुटलेला सांधा सापडतो. अंगठीचे प्रकरण अधिक अवघड, कारण वाकवलेली बॅटरी आणि दुमडलेले सर्किट राळेत गाडलेले असते आणि उघडायला जावे तर सगळे मोडते. तिथे सीटी स्कॅन उपयोगी पडतो: वस्तू फिरवत शेकडो प्रतिमा घ्यायच्या आणि त्यांतून आतला एकेक काप उभा करायचा. दवाखान्यातल्या सीटीला मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंतचे दिसते. उद्योगातली यंत्रे मायक्रॉनपर्यंत उतरतात.

कारखान्यांना हे नवे नाही. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेटल्यावर सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये बॅटरीची आठ टप्प्यांची तपासणी जाहीर केली, त्यात क्ष-किरण तपासणीही होती. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याला आतले चित्र दिसू शकते, घेणाऱ्याला दिसत नाही. बियाण्याबाबत आपण ही विषमता मान्य केलेली नाही. पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापलेला असला, तरी १९६६ च्या बियाणे कायद्याने निरीक्षक नमुना घेतो आणि शासकीय प्रयोगशाळा तो तपासते; अशी बीज परीक्षण प्रयोगशाळा खुद्द परभणीत आहे. पोकळ आणि किडका दाणा ओळखायला बीजशास्त्रातही क्ष-किरण वापरतात. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली. पण कित्येक घड्याळे ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरात लिहून बाजूला होतात, आणि जाहिरातीत तोच आकडा मोठ्या अक्षरात मिरवतात. हे मला सरळ अन्यायाचे वाटते.

बियाण्याप्रमाणे या यंत्रांचेही नमुने घेऊन क्ष-किरणांनी तपासावेत, यावर मोठा आक्षेप असा, की क्ष-किरणांना सुटे भाग दिसतात, गणित दिसत नाही. तो रास्त आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले, की ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होती. त्या यंत्रांत दोन्ही दिवे होते. त्वचेच्या रंगाचा हिशेब कमी पडला होता. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेसाठी ही बाब लहान नाही, आणि ती माणसांवरच्या चाचणीतूनच कळेल. तरीही आत काय नाही हे प्रतिमा ठामपणे सांगते. उदाहरणार्थ, साखर मोजणाऱ्या दंडावरच्या सेन्सरमधून सुमारे पाच मिलिमीटरचा तंतू कातडीखाली जातो. असा तंतू नसताना, म्हणजे त्वचेला न टोचता, साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहा, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले. असे एकही उपकरण त्यांनी मंजूर केलेले नव्हते. खर्चाचा आक्षेप मला तितका पटत नाही. प्रत्येक नग तपासायचा नाही, खेपेतून नमुना घ्यायचा आहे. दिवे आणि सांधे पाहायला महागडा सीटी दर वेळी लागतही नाही. व्यापारी गुपितांची भीतीही फार ताणू नये, कारण अशा प्रतिमेत चिपमधली आज्ञावली उमटत नाही.

परभणीसाठी या तपासणीत आणखी एक कलम हवे, उन्हाचे. मे महिन्यात इथला पारा ४२ अंशांपलीकडे जातो, आणि बंद गाडीत त्याहून बराच वर. एका प्रचलित साखर-सेन्सरची वापराची मर्यादा १० ते ४५ अंश आहे. त्याच्या टोकावरचे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर उष्णतेने निकामी झाले, तर क्ष-किरणांत त्याचा मागमूस दिसणार नाही. फुगू लागलेली बॅटरी मात्र दिसेल. तेव्हा नमुना आधी तापवायचा, मग त्याची प्रतिमा घ्यायची आणि शेवटी त्याने दाखवलेला आकडा रक्ताच्या तपासणीशी ताडायचा, हा क्रम योग्य. सुरुवात सरकारी पैशाने विकत घेतलेल्या उपकरणांपासून करावी आणि प्रत्येक खेपेचा अहवाल मराठीत, सर्वांना वाचता येईल असा, जाहीर करावा.