गाडीवाटेवरची सायकल

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचे, मागे दोन कॅन लटकवलेल्या. दुसरे, पहाटे हेल्मेट घालून डांबरी रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या शहरी तरुणांचे. या दोहोंच्या मधली एक तिसरी सायकल गेल्या काही वर्षांत जगभर लोकप्रिय झाली आहे. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. मातीच्या आणि मुरमाच्या कच्च्या वाटांवरून लांबचा प्रवास करता यावा, अशी तिची बांधणी असते.

फ्रान्समध्ये चढउताराच्या शेतीच्या मुलखातून अशा सायकलींवर लोक दिवसदिवस भटकतात. गावामागचा एखादा टेकाड चढायचा, द्राक्षमळ्यांच्या कडेने उतरायचे, पुढच्या गावात पाणी प्यायचे आणि पुन्हा निघायचे. तिथे गावच्या मालकीच्या, सर्वांना वापरता येणाऱ्या कच्च्या वाटांचे जाळे आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात २००६ साली सुरू झालेली कच्च्या रस्त्यांवरची शर्यत तर आज जगात नावाजलेली आहे.

आता प्रश्न असा की, हे सगळे आपल्या कामाचे काय? आपल्याकडे असा मुलूख आहे का? तर आहे, आणि अगदी दाराशी आहे. बालाघाटच्या डोंगररांगा बीडकडून लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत पसरत येतात. हे सह्याद्रीसारखे उभे कडे नव्हेत. लांबच लांब माळ, मध्येच उतार, खाली ओढा, ओढ्याकाठी काळी जमीन आणि पुन्हा चढ, अशी या भूमीची ठेवण आहे. लातूरचा माळ उंचावर, तर गोदावरीकाठचे नांदेड बरेच खाली. मांजरा, तेरणा, तिरू, मन्याड, लेंडी या नद्यांनी हा माळ जागोजागी चिरला आहे. एकही चढ छाती फोडणारा नाही आणि सपाट म्हणावे असेही फारसे काही नाही. सायकलस्वाराला याहून अधिक काय हवे?

या वाटांना चालेल अशी सायकल कोणती, हे थोडे समजून घेऊ. शर्यतीच्या सायकलीचे टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा गच्च भरलेली असते. डांबरावर ते उत्तम. मुरमावर मात्र असा टायर प्रत्येक खड्यावर उसळतो आणि त्या उसळीत आपली ताकद वाया जाते. ग्रॅव्हल बाइकचा टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि त्यात हवा कमी ठेवतात. खडा आला की टायर किंचित दबतो आणि त्याला पोटात घेऊन पुढे जातो. सगळे गुपित एवढेच. गंमत म्हणजे आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस गुणिले दीड इंची टायर जवळपास तेवढाच रुंद असतो! आपले आजोबा ज्या सायकलीवर बाजारहाट करीत, ती नाव नसलेली ग्रॅव्हल बाइकच होती. तिला गिअर नव्हते आणि ब्रेक यथातथाच होते, एवढाच फरक. म्हणून महागडी सायकल घेतल्याशिवाय या वाटेला जाता येत नाही, असे मुळीच नाही. रुंद टायरची, गिअरची कोणतीही साधी सायकल चालते.

वाटाही सांगतो. औशाचा किल्ला पाहून निलंग्याच्या दिशेने निघाले की खरोसा लागते. जांभ्या खडकात कोरलेली ही लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. लातूरहून खरोसा पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. हमरस्ता वाहनांनी भरलेला असतो. म्हणून औशापासून पुढे गावे जोडणाऱ्या आतल्या वाटा विचारत जावे. दुसरी वाट उदगीरची. १७६० साली जिथे सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, तो हा परिसर. उदगीरहून देवर्जनजवळचे हत्तीबेट जेमतेम अर्ध्या दिवसाचे काम आहे. या भागात काही ठिकाणी माती लाल होते. काळ्या मातीच्या मुलखातून आलेल्या माणसाला तो बदल चटकन जाणवतो. तिसरी वाट कंधारची. राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आणि मन्याडच्या खोऱ्यातला भुईकोट किल्ला, एवढ्यासाठीही ही फेरी करावी. नांदेडहून थेट निघण्याऐवजी लोह्यापासून सायकल चालवली तर वाहनांचा त्रास वाचतो.

जायचे कधी? मृगापासून दसऱ्यापर्यंत काळ्या मातीच्या वाटेला जाऊ नये. ही माती ओली झाली की फुगते, चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गोळा होऊन बसते, आणि मग सायकल आपल्याला नेत नाही, आपण सायकलीला खांद्यावर नेतो. दिवाळीनंतर वाटा वाळतात. तूर उभी असते, हरभरा घाट्यांवर येतो, ज्वारी हुरड्यात येते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर भागात येळवस असते. त्या दिवशी गावेच्या गावे शेतात जातात आणि वाटसरूला आंबील-भज्जी खाल्ल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देत नाही. फाल्गुनानंतर मात्र ऊन सोसवत नाही.

सोबत दोन बाटल्या पाणी, पंप आणि पंक्चरचे सामान हवेच. बाभळीचा काटा आणि सराटा हे इथल्या टायरचे खरे शत्रू आहेत. बैलगाडी दिसली की घंटी वाजवून, वेग कमी करून बाजूने जावे. कवाडी उघडली तर लावून घ्यावी. उभ्या पिकात सायकल घालू नये आणि न विचारता हरभऱ्याचा डहाळा उपटू नये.

पण या लेखाचे खरे कारण पुढेच आहे. ज्या वाटांवर सायकल चालवायची, त्या वाटा शिल्लक राहणार आहेत का? गावाचा नकाशा पाहा. त्यात तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेषेने पायमार्ग दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली आहे. प्रत्यक्षात शिवारात गेलात तर कुठे आठ फूट उरलेले, कुठे बाभळी माजलेल्या, कुठे वाटच नाही. दरवर्षी नांगराचे एक तास वाटेत सरकते आणि वीस वर्षांत वाट शेतात जिरते. त्याचा फटका हौशी सायकलस्वाराला नव्हे, शेतकऱ्याला बसतो. ऊस तोडून ठेवला, पण ट्रॅक्टर फडापर्यंत जात नाही. शेतात राहणाऱ्या घरातल्या मुलीला शाळेसाठी सायकल मिळते, पण ती पावसाळ्यात चालवायला वाट नसते. आजारी माणसाला बाजेवर घालून न्यावे लागते.

कायद्यात उपाय आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वाटेतला अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते. २०२१ साली राज्य सरकारने रोजगार हमीची जोड देऊन मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आणली. तरीही भावकीतला बांध कागदाने सुटतोच असे नाही. तिथे गावाने एकत्र बसावे लागते.

इटलीतल्या गायोले या गावी १९९७ साली एक सायकल फेरी सुरू झाली. टस्कनीतल्या पांढऱ्या मातीच्या वाटा डांबराखाली जाऊ नयेत, हा तिचा हेतू होता. आज त्या वाटांसाठी लोक देशोदेशीहून येतात. आपल्याकडे वाटा चिखलातच ठेवा, असे कोणी म्हणणार नाही; म्हणूही नये. पण प्रत्येक वाटेला सिमेंटच हवे असेही नाही. दोन्ही बाजूंना चर, मध्ये उंचवटा आणि वर दाबलेला मुरूम एवढे केले तर ऊसही निघतो, मुलगीही शाळेत जाते आणि सायकलही चालते.

वाट वापरात असली की टिकते. म्हणून एखाद्या रविवारी सायकल काढा, आपल्याच गावचा नकाशा तलाठ्याकडून पाहून घ्या आणि त्यातली एखादी तुटक दुहेरी रेषा शोधत निघा. ती कुठवर जाते आणि कुठे संपते, हे पाहून या. जिथे ती संपली असेल, तिथून पुढचे काम ग्रामसभेचे आहे.