फियाटचं गणगोत

अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूरला चहाला थांबलं, की माझ्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीभोवती चारजण जमतातच. पहिला प्रश्न गाडीचा : "ॲव्हरेज काय देते भाऊ?" दुसरा माझा : "गाव कोनतं?" तिसऱ्या प्रश्नाला आजोळ निघतं आणि कप रिकामा होईपर्यंत समोरचा माझ्या मावसबहिणीच्या दिराचा साडू ठरलेला असतो. मग चहाचे पैसे कोणी द्यायचे, यावरून झोंबाझोंबी!

सोयरपण काढायची ही वऱ्हाडी सवय मी गाड्यांनाही लावतो. पद्मिनी मूळची इटलीच्या फियाट ११०० च्या कुळातली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला ती घडवली. पद्मिनी हे नाव १९७० च्या दशकातलं. १९५० च्या दशकातली 'डुक्कर फियाट' ही तिची थोरली बहीण. अकोल्याचे आमचे मेस्त्री टॅपेट सेट करताना फिलर गेज सरकवतात, कान लावतात, पुन्हा सरकवतात. ज्या इंजिनाशी त्यांचं हे हितगुज चालतं, त्याचं माप ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी. हेच माप १९३७ च्या फियाट ५०८ सी मध्ये होतं.

ॲम्बेसेडरचं घराणं तर त्याहून गमतीचं. तिची आई मॉरिस ऑक्सफर्ड. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन इंग्लंडच्या बी-सिरीजमधलं, आणि १९५५ ची एमजीए ही ठेंगणी, दोन सीटची स्पोर्ट्स कारही त्याच इंजिनावर धावली. म्हणजे कलेक्टरसाहेबांची पांढरी गाडी आणि शर्यतीतली ती चपळ पोर चुलतबहिणी!

माणसांचा हिशेबही असाच. आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांच्या मागे आठ. दहा पिढ्यांमागे १,०२४. तीस पिढ्यांमागे, म्हणजे तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभावांचे गोविंदप्रभू होते त्या सुमारास, आकडा शंभर कोटींच्या वर जातो. तेव्हा अख्ख्या जगात एवढी माणसंच नव्हती. म्हणून तेच पूर्वज वंशावळीत फिरून फिरून येतात, माझ्याही आणि तुमच्याही. "आमच्यात बाहेर सोयरीक होतच नाही," असं सांगणारे भेटतात. पण हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्ड यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले समाज भरपूर मिसळले. सोयरिकीची कुंपणं त्यानंतरची. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि टपरीवर मी ते आवर्जून सांगतो.

२०२८ मध्ये माझी गाडी पन्नाशीची होईल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिला 'व्हीए' अक्षरांची विंटेज पाटी मागता येईल. पण ती पाटी लागली, की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजचा वापर बंद. मी ती पाटी घेणार नाही. अकोल्याला लग्नं असतात, बारशी असतात, आणि वाटेत मूर्तिजापूर आहे.