पंधरा ऑगस्टचा नियम, दोन ऑक्टोबरची मोजणी

पाणी अडविण्यासाठी गाव एकत्र येते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. बार्शी तालुक्यातील सुर्डी गावाने 2019 साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. परंतु अडविलेले पाणी जमिनीत मुरते, आणि मग ज्याची विहीर खोल व पंप मोठा, त्याच्याकडे ओढले जाते. ते वाटून घेण्याचे काम श्रमदानापेक्षा कठीण आहे, व ते ग्रामसभेवाचून होणारे नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे श्री. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात ग्रामसभेने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास व उसासारखी तहानलेली पिके लावण्यास बंदी केली. पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद सभेपुढे मांडावयाचा आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवावयाची, असा तेथील परिपाठ आहे.

आपल्याकडे अडचण वेळेची येते. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. गांधी जयंतीची सभा भरते तेव्हा पाभर निम्म्या शिवारातून फिरून गेलेली असते आणि विहीरवाल्याने पूर्वहंगामी उसाचे बेणे सांगून ठेवलेले असते. त्या दिवशी पाण्याचा विषय काढला तर तो भांडण म्हणूनच निघतो. म्हणून माझे मत असे की, नियम 15 ऑगस्टच्या सभेत करावा आणि मोजणी 2 ऑक्टोबरच्या सभेपूर्वी करावी. ऑगस्टमध्ये कोणाची विहीर भरणार हे कोणासच ठाऊक नसते. त्यामुळे न्याय्य बोलणे सर्वांनाच सोपे जाते.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी हा प्रयोग झाला. प्रथम मी घनमीटरांचा तक्ता घेऊन गेलो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, हे मी दोनदा समजावून सांगितले. तेव्हा मागे बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “साहेब, इहिरीत किती परस पाणी, तेवढं सांगा.” तक्ता मी गुंडाळून ठेवला. पुढे ओढ्याच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत सहा विहिरी निवडल्या, प्रत्येकीच्या काठावर चुन्याची खूण केली आणि गाठी मारलेला दोर मोजमापास घेतला.

ग्रामसभेस मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते. या सवलतीचा आधार घेऊन दहा जणांत ठराव उरकण्याची रीत पुष्कळ गावी आहे. पाण्याच्या ठरावास ती मुळीच चालणार नाही. जो सभेला नव्हता तो पंप बंद करीत नाही. ग्रामसभेपूर्वीची महिला सभाही कागदावर राहू देऊ नये. या गावी चैत्रात टँकरपुढे उभे राहण्याचा हिशेब बायांनीच मांडला, आणि त्यानंतर पुरुषांच्या बोलण्याचा सूर पालटला.

ठराव असा झाला: 2 ऑक्टोबरपूर्वीच्या मोजणीत सहापैकी चार विहिरींत तीन परसांहून कमी पाणी आढळल्यास त्या वर्षी नवीन ऊस लावावयाचा नाही, विहिरीच्या पाण्यावर हरभरा, करडई व थोडा कांदा घ्यावा. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या एका मोठ्या बागायतदारांनीही हात वर केला. त्यांची विहीर तेव्हा कोरडी होती.

सप्टेंबरचा पाऊस त्यांच्या रानावर चांगला झाला, खाली मात्र झाला नाही. मोजणीत पाच विहिरी उण्या निघाल्या. भरलेली तेवढी त्यांची. सभेत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोर मीच धरला होता. ऊस लावत नाही. पण बेण्याचा विसार दिलाय, त्याचं काय?”

त्यावर उत्तर कोणाजवळच नव्हते. नुकसान एकट्याचे आणि लाभ सर्वांचा, तर विसार ग्रामनिधीतून द्यावा काय, यावर दोन तास चर्चा झाली. इतिवृत्तात त्या विषयापुढे ‘पुढील सभेपुढे ठेवावा’ अशी नोंद आहे.