डोंगरातला मुक्काम आणि बाबांचा राब



मे सरत आला की भंडारदऱ्याच्या वाटेला गाड्यांची रांग लागते. काजवे बघायला, तंबू ठोकून राहायला, चुलीवरचं खायला शहरातली मंडळी येतात. येऊ द्या, चांगलंच आहे. पण ती गाडी डांबरी सोडून खाली उतरते तेव्हा कुणाच्या रानातून जाते, हे आपण कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे, आणि तेही गाडीत बसून. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात जी जीप एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या राबात घुसली, तिच्यात मी होतो. बांधबंदिस्ती आणि रोपवाटिकेवर गावोगाव बोलणारा माणूस! म्हणून हे लिहिणं मला भागच आहे.

हौसेची वाट

कृषी पदविकेचे आम्ही चार सोबती. एकाची रोपवाटिका, एकाचं खतांचं दुकान, एक पोल्ट्रीवाला, आणि मी सरकारी. वर्षातून एकदा कुठंतरी एकत्र मुक्काम करायचा असा आमचा नेम. दुकानवाल्याने जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली होती. तिची परीक्षा घ्यायची म्हणून यंदा डोंगर ठरला. संगमनेर, अकोले, राजूर करीत शेंडीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. १९२६ साली पुरं झालेलं धरण, पाणी तळाला गेलेला जलाशय, समोर रतनगड, मागे ढगात गेलेलं कळसूबाई. पाहावं तिकडे डोंगरच. मुतखेलच्या पुढे गेलो आणि पावसाची एक दमदार सर आली. मातीचा वास सुटला. चौघेही पोरासारखे झालो.

अंधार पडता पडता रस्त्याच्या कडेने खाली उतरलेल्या चाकोऱ्या दिसल्या. कुणीतरी आधी गाडी घातली होती. दुकानवाला म्हणाला, "वाट आहे की! पाण्याजवळ जाऊ." मी गप्प बसलो. खरं तर माझ्या नजरेला खाचराचा उतार दिसला होता, पण मित्रांच्या आनंदात विरजण कशाला, असं वाटलं. जीप एक बांध चढून उतरली, दुसऱ्या बांधाचे दगड ढासळले, आणि पुढच्या मऊ तुकड्यात चाकं जागच्या जागी फिरू लागली. चिखल उडाला. गाडी बसली ती बसलीच.

वरच्या घरातून बॅटरीचा उजेड हलत आला. एक बाबा, डोक्यावर इरलं, हातात काठी. त्यांनी उजेड आधी चाकांवर टाकला, मग आमच्या तोंडांवर. माझ्यावर येऊन तो थांबला.

"भाऊसाहेब, तुम्ही? ही वाट न्हाई. हा आमचा राब हाये. परवाच पेरलाय."

आदल्या वर्षी त्यांच्याच गावात चावडीपुढे बसून मी भाताच्या रोपांवर बोललो होतो. आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एक गुंठ्याचा हिशोब

राब म्हणजे काय हे भातवाल्याला सांगायला नको, पण बागायती पट्ट्यातल्या वाचकांसाठी सांगतो. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या यांचे थर रचून तो तुकडा भाजतात. त्याने तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतं. मग पावसाच्या तोंडावर धूळवाफेत बी टाकतात. पालापाचोळा जाळण्यापेक्षा गादीवाफा करून त्यात राख मिसळा, असं आम्ही सांगतो. पण पद्धत कुठलीही असो, एक गुंठा रोपवाटिकेवर साधारण दहा गुंठ्यांची लावणी होते. म्हणजे जीपने खोलीएवढा तुकडा तुडवला, तर नुकसान खोलीएवढं राहत नाही, त्याच्या दसपट रान ओसाड पडायचा धोका असतो. ओल्या मातीवर चाकाचा दाब पडला की ती विटेसारखी घट्ट होते, बी खोल दडपतं, वर पाणी साचून कुजतं. आणि उताराच्या चाकोरीतून पहिल्याच जोराच्या पावसात ओघळ धरतो. बांध फुटलेला असला तर वरच्या खाचराची मातीसुद्धा त्याच वाटेने जाते.

पडवीतलं जेवण

बाबा रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. "रातीचं निघायचं न्हाई ते. वर या," एवढंच म्हणाले. खळ्यावर तंबू ठोकायला जागा दिली. पोल्ट्रीवाल्याने डिक्कीतून आणलेली शहरातली पाकिटं काढली, तर आजी म्हणाल्या, "ठेवा ती. पोटाला काय हुतंय त्यानं?" आम्ही त्यांच्याकडूनच कोंबडी विकत मागितली.

मंडळी, ते जेवण मी विसरणार नाही. चुलीत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, पाट्यावर वाटलेला मसाला, गावठी कोंबडीचा पातळ लालभडक रस्सा. तव्यावरून थेट ताटात पडणारी नाचणीची भाकरी. सुकटीची चटणी, करवंदाचं लोणचं, आणि शेवटी काळभात. टरफल काळं आणि आतला दाणा वासाचा. झाकण काढलं तसा पडवीभर घमघमाट झाला. पोल्ट्रीवाला, जो रोज कोंबड्यांतच असतो, तो म्हणाला, "अशी चव माझ्या हजार पक्ष्यांत नाही."

रोपवाटिकावाल्याने विचारलं, "आजी, हा तांदूळ कुठं मिळतो?"

"मिळतो कुठला? घरचं बी हाये. तुम्ही ज्येच्यावर गाडी घातली, त्येच बी."

घास हातात राहिला. जे ताटात होतं तेच चाकाखाली होतं.

याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, जिरवेल, रायभोग, आंबेमोहोर ही या डोंगराची ठेव आहे. ती दुकानात परत भरून मिळत नाही. घरातली कणगी आणि रानातला राब एवढ्याच तिच्या तिजोऱ्या.

रात्री बाबा आम्हाला काजवे दाखवायला घेऊन गेले, बॅटरी विझवून. हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडं एका तालात लुकलुकत होती. लांबून एखाद्या गाडीचा झोत आला की तेवढा भाग अंधारा व्हायचा. उजेडाच्या खुणेने नर-मादी एकमेकांना शोधतात. त्यात आपला दिवा पडला की खूण हरवते. काजव्याच्या अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात राहतात आणि गोगलगायी खातात. म्हणजे ते शेतकऱ्याचे गडीच की! झाडाखाली गाडी घातली तर पुढच्या वर्षीचे काजवे तिथंच चिरडतात.

सकाळची मजुरी

उजाडल्यावर शेजारच्यांची बैलजोडी लावून जीप काढली. मग आम्ही चौघांनी कुदळ, फावडं घेतलं. बांधाचे दगड परत रचले. चाकोऱ्या खणून ढेकळं फोडली, शेणखत आणि चुलीची राख मिसळली, वरच्या बाजूने पाणी काढून द्यायला चर मारला. आजींनी कणगीतून बी आणलं. ते थोडंच होतं, कारण बाकीचं पेरून झालं होतं. ते बाबांनी स्वतःच्या हाताने टाकलं.

निघताना पैसे विचारले. "कोंबडीचे तेवढे द्या," आजी म्हणाल्या. जेवणाचे, जागेचे, राबाचे धरून दिले तर घ्यायला तयार नाहीत. शेवटी बाबांच्या हातात बळेच ठेवले.

जुलैच्या अखेरीस कामानिमित्त त्या गावी गेलो. दुबार पेरलेली रोपं मागे पडली होती, लावणी उशिरा झाली होती, आणि एका खाचराचा कोपरा रोपं न पुरल्याने मोकळाच राहिला होता. बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. मीच त्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिलो.

गावाने काय करावं

पाहुण्यांना हाकलून लावा असं मी म्हणत नाही. त्यांच्या ताटातून घरात पैसा येतो. पण नियम गावाचे असावेत, आणि ते मे महिन्याआधीच ठरावेत.

पहिलं, ग्रामसभेत ठराव करून गाड्या थांबवायची जागा ठरवा. अकोल्याचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायदा १९९६ सालचा आणि राज्याचे नियम २०१४ चे. ग्रामसभेला त्यात वजन आहे, ते वापरा. डांबरीवरून खाचराकडे उतरणाऱ्या प्रत्येक जागी मोठे दगड लावा आणि 'पुढे भातशेती आहे' अशी पाटी ठोका. एक चाकोरी पडली की दहा गाड्या तिला वाट समजतात. आम्हीही तेच केलं.

दुसरं, हा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. जंगलात गाडी घालणं, जाळ करणं यावर कायद्याचं बंधन आहे. तंबू मालकीच्या रानात, पीक नसलेल्या जागी, वनखात्याशी बोलूनच लागावेत.

तिसरं, जेवणाचा आणि जागेचा दर गावाने मिळून ठरवा आणि लिहून लावा. संकोच करू नका. नाचणी, काळभात, गावठी कोंबडी हे फुकट वाढायचं अन्न नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आहे; पर्यटन खात्याकडे त्याची नोंदणी होते. ज्यांना हे नेमाने करायचं असेल त्यांनी माहिती घ्यावी.

चौथं, कचरा ज्याचा त्याने परत न्यायचा. खाचरातली फुटकी बाटली लावणीच्या वेळी बाईच्या पायात जाते.

पाचवं, रोपवाटिका शक्यतो रस्त्यालगत नको. तिला काट्यांचं कुंपण करा, आणि थोडं बी घरात राखून ठेवा. आजींच्या कणगीत ते होतं म्हणून निभावलं.

आणि पाहुणा म्हणून जाणाऱ्या माझ्यासारख्यांना एकच सांगणं. डोंगरात जा, चुलीवरचं खा, चांदण्यात झोपा. पण गाडी डांबरीवरून खाली उतरवण्याआधी वरच्या घराला हाक मारा आणि विचारा, "बाबा, इथून वाट आहे का?" मी त्या संध्याकाळी एवढं विचारलं असतं, तर तो कोपरा मोकळा राहिला नसता.