नकाशावरचा वाट चुकलेला ठिपका

पुण्यातल्या डेंग्यूच्या रुग्णांचा नकाशा संगणकावर तयार होतो आहे, अशी कल्पना करा. एक रुग्ण, एक ठिपका. बहुतेक ठिपके शहरातल्या वस्त्यांवर बसले, पण एक कुठे दिसेना. शोधल्यावर तो सापडला नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंड या बेटाजवळच्या बर्फगार समुद्रात. रुग्ण अर्थातच तिकडे गेलेला नाही. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नोंदीत या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि रुग्ण थेट आर्क्टिकला पोहोचला.

ही चूक फार जुनी आणि फार सर्रास होणारी आहे. तिचे कारणही साधे. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, मोबाइलही बहुधा तसाच दाखवतो. पण जागेची माहिती साठवणाऱ्या ‘पोस्टजीआयएस’सारख्या डेटाबेसला आडवे अंतर आधी आणि उभे नंतर हवे असते, म्हणजे रेखांश आधी. आकडे उलटे दिले तरी तो कुरकुर करत नाही. त्याच्या दृष्टीने समुद्रातला बिंदूही बिंदूच.

भारताच्या बाबतीत एक सोय आहे. आपले अक्षांश साधारण ८ ते ३७ आणि रेखांश ६८ ते ९७ या दरम्यान असतात. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे अदलाबदल झाली की ती लगेच उघडी पडते. नायजेरियात असे होत नाही. तिथली राजधानी अबुजा ९ अंश उत्तर आणि साडेसात अंश पूर्वेला आहे. हे आकडे उलटे केले तरी ठिपका नायजेरियातच पडतो, आणि कोणाला शंकाही येत नाही.

मोबाइलला उपग्रहाचा संकेत मिळाला नाही किंवा रकाना रिकामा राहिला, की काही प्रणाली तिथे मुकाट्याने शून्य भरतात. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे मिळतात ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात आहे. तिथे जमीन नाही, तरी या क्षेत्रातल्या लोकांनी तिला ‘नल आयलंड’ असे गमतीचे नाव दिले आहे. पत्ता हरवलेल्या जगभरच्या नोंदी तिथे गोळा होतात.

या चुका निदान नजरेत भरतात. खरा घात करतात त्या जवळच्या जवळ राहणाऱ्या चुका. १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.५ अंश, पण कोणी ते घाईत १८.३० असे टाइप केले, तर ठिपका सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. तो पुणे जिल्ह्यातच राहतो, त्यामुळे नकाशा पाहणाऱ्याला काही खटकत नाही. डेंग्यू पसरवणारा एडीस डास मात्र सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे उडत नाही. फवारणीचे पथक या ठिपक्याच्या भरवशावर निघाले, तर ते भलत्याच गावात पोहोचेल आणि डासांची पैदास झालेली पाण्याची टाकी तशीच राहील.

अंतर मोजतानाही असाच गोंधळ होतो. ‘रुग्णाच्या घरापासून ५०० मीटरच्या आत कोणाकोणाची घरे आहेत?’ असा प्रश्न डेटाबेसला विचारला आणि उत्तरात यादीतली झाडून सगळी घरे आली, तर समजावे की त्याने ५०० मीटर नव्हे, ५०० अंश मोजले. पृथ्वीचा पूर्ण फेराच ३६० अंशांचा, मग कोण सुटणार? अंश हे मुळात अंतराचे माप नाही. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर भरतो, पुण्यात १०५च्या आसपास आणि लंडनला ६९. म्हणून मोजणी करण्याआधी माहिती मीटरमध्ये मोजता येईल अशा पद्धतीत बदलून घ्यावी लागते.

इथे नवशिके हमखास अडखळतात. प्रत्येक नोंदीला तिची मोजणीपद्धत सांगणारा एक क्रमांक जोडलेला असतो. उदाहरणार्थ, मोबाइलच्या अक्षांश-रेखांशांचा क्रमांक ४३२६. दोन तक्त्यांचे क्रमांक जुळले नाहीत की डेटाबेस काम नाकारतो, आणि ते चांगलेच करतो. मग वैतागून कोणी नुसता क्रमांक बदलतो. तक्रार थांबते, आकडे मात्र जुनेच राहतात. बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून मिठाची साखर होत नाही. चिठ्ठी बदलण्याची आज्ञा वेगळी आणि आकडे खरोखर रूपांतरित करण्याची वेगळी. जुन्या नकाशांच्या बाबतीत तर हे फारच जपावे लागते. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३०मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, मोबाइलची मोजणी वेगळ्या आकारावर. रूपांतर न करता दोन्ही एकमेकांवर ठेवले तर विहीर शंभर मीटरच्या घरात सरकते. दाट वस्तीत एवढ्या अंतरात दोन-तीन गल्ल्या बदलतात.

एवढे सगळे कळल्यावर साहजिकच वाटते, की लांब पडलेले ठिपके सरसकट पुसून टाकावेत. इथेच थांबायला हवे.

१८५४च्या उन्हाळ्याअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने दहा दिवसांत पाचशेहून अधिक बळी घेतले. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवतीची गर्दी दाखवली, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. पण पंपाच्या पाण्याकडे सर्वांत ठळकपणे बोट दाखवणारा एक मृत्यू सोहोत झालाच नव्हता. कित्येक किलोमीटर दूर हॅम्पस्टेडकडे राहणारी एक विधवा कॉलऱ्याने दगावली होती. स्नो यांनी तिच्या मुलाकडे चौकशी केली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीट भागात राहत असे आणि तिला तिथल्याच पाण्याची चव आवडे, म्हणून रोज तिकडे जाणाऱ्या गाडीतून पंपाच्या पाण्याची बाटली मागवली जाई. तिची भाची भेटीला आली, तेच पाणी प्याली, इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. दोघींच्या घरांच्या आसपास त्या वेळी कॉलरा नव्हता.

आजच्या एखाद्या संगणकाला ‘दूरचे ठिपके गाळ’ असे सांगितले असते, तर या दोघी पहिल्याच फेरीत गळाल्या असत्या.

म्हणून जाणकार लोक मूळ आकडा कधीच खोडत नाहीत. दुरुस्त आकडा वेगळ्या रकान्यात ठेवतात आणि त्याशेजारी दुरुस्तीचे कारण लिहितात. शून्य-शून्य किंवा उघड उलटे आकडे यंत्राने शोधावेत, त्याला हरकत नाही. उरलेल्या संशयित नोंदींची यादी मात्र आशा कार्यकर्तीकडे जावी आणि तिने दोन प्रश्न विचारावेत: पत्ता हाच आहे का, आणि आजारी पडण्याआधीचे दोन आठवडे रुग्ण कुठे कुठे होता?