तांबड्या रेषांची साक्ष

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असावा, असे अनुमान आपण करतो. परंतु दुरून धुकेही धुरासारखेच दिसते. म्हणून अनुमान पारखून घ्यावे लागते. विश्व प्रसरण पावत आहे, हे आधुनिक ज्योतिषशास्त्राचे अनुमानही असेच पारखले गेले आहे.

सूर्यप्रकाश लोलकातून गेला म्हणजे सप्तरंगी वर्णपट मिळतो. तारे व दीर्घिका यांच्या वर्णपटांत काळ्या रेषाही असतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत मात्र त्या तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळतात. म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी वाढलेली असते. यालाच ताम्रच्युती म्हणतात. दीर्घिका जितकी दूर, तितकी तिची ताम्रच्युती अधिक, असे 1929 साली अमेरिकन ज्योतिर्विद एडविन हबल यांनी दाखवून दिले. अवकाशच ताणले जात असून त्यातून येणारी प्रकाशलहरही ताणली जाते, असा याचा अर्थ लावण्यात आला.

पण ताम्रच्युतीचे कारण एकच असते काय? प्रबळ गुरुत्वाकर्षणामुळेही प्रकाशाची तरंगलांबी वाढते. शिवाय 1929 सालीच फ्रिट्झ झ्विकी यांनी एक निराळी शंका उपस्थित केली. लांबच्या प्रवासात वाटसरू थकतो, तशी प्रकाशाचीही ऊर्जा वाटेत खर्ची पडत असेल. मग दीर्घिका जागच्या जागी असूनही रेषा सरकलेल्या दिसतील. स्वतः हबलही प्रसरणाच्या निष्कर्षाविषयी पुढे अनेक वर्षे सावधच होते.

ही शंका पोकळ नव्हती. केवळ रेषा पाहून तिचा निकाल लागणे शक्य नव्हते. दुसरी साक्ष हवी होती. ती स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांनी, म्हणजे अतिनवताऱ्यांनी दिली. त्यांतील एका जातीचे तारे एकाएकी उजळतात आणि ठराविक रीतीने मंदावतात. प्रकाश नुसता थकत असेल, तर मंदावण्याच्या काळात फरक पडू नये. अवकाश ताणले जात असेल, तर लहरींबरोबर तो काळही त्याच प्रमाणात लांबला पाहिजे. 1995 साली दिसलेल्या अशा एका दूरच्या ताऱ्याच्या लहरी सुमारे दीडपट लांबल्या होत्या. जवळचा तारा 20 दिवसांत जेवढा मंदावतो, तेवढे मंदावण्यास या ताऱ्याला सुमारे 30 दिवस लागले! पुढे इतर अनेक अतिनवताऱ्यांनीही हीच साक्ष दिली. शिवाय वाटेतील कणांवर आपटून प्रकाश थकत असता, तर तो विखुरला असता आणि दूरच्या दीर्घिका पुसट दिसल्या असत्या. तसे आढळत नाही.

म्हणून प्रसरणाचा सिद्धांत आज एकट्या ताम्रच्युतीवर उभा नाही. त्या प्रसरणाचा नेमका वेग किती, याविषयी मात्र अद्यापि मतभेद आहेत. झ्विकी यांची शंका खरी ठरली नाही, तरी ती व्यर्थ गेली असे म्हणता येणार नाही. कसोटीला लावता येईल अशा रीतीने ती मांडलेली होती. म्हणूनच तिच्या निरसनासाठी शास्त्रज्ञांना नवा पुरावा शोधावा लागला.